टर्मिनल एडिटरच्या कळा : दुरुस्तीच्या नोंदी

प्रकल्प : टर्मिनलमध्ये चालणारा छोटा एडिटर, सी भाषेत, एनकर्सेस या टर्मिनल हाताळणाऱ्या तयार लायब्ररीशिवाय लिहिलेला. हाती घेतलेलं काम : कीबोर्ड वाचणारा भाग नव्याने लिहिणं. नोंदींत बाइट दशमान आकड्यांत लिहिले आहेत. २७ म्हणजे एस्केप, ९१ म्हणजे [ आणि १२६ म्हणजे ~ एवढं ध्यानात ठेवलं तरी बरंच वाचता येईल. बाकीचे जिथल्या तिथे.

६ जानेवारी

कळांविषयी साचलेल्या तक्रारी आज एका फायलीत गोळा केल्या. बॅकस्पेस दाबलं की मदतीचं पान उघडतं. होम दाबलं की मजकुरात ~ उमटतं. कंट्रोल धरून उजवा बाण दाबला की अर्धविराम, पाच आणि रोमन सी असं शेपूट येतं. बाणांनी अधूनमधून ए, बी, सी, डी टाइप होतात. कंट्रोल-एस दाबलं की सगळं गोठतं. एस्केप उशिरा लागतं. न्यूमपॅडवर ५ दाबला तर यू येतो. एफ-१० चालतच नाही. आणि एक तक्रार अशी : "छ लिहिता येत नाही." ही पूर्वी कुणीतरी फॉन्टचा प्रश्न ठरवून बंद केली होती. परत उघडली.

प्रत्येकाने लक्षण सांगितलंय, बऱ्याच जणांनी औषधही सुचवलंय, पण एडिटरच्या हाती नेमकं काय पडलं हे कुठेच नाही. सांगणार तरी कसं? टर्मिनलमधल्या प्रोग्रॅमला कळ दिसतच नाही. कीबोर्ड संकेत पाठवतो, कर्नल, म्हणजे कार्यप्रणालीचा गाभा, त्याला कळेचा क्रमांक देतं, डेस्कटॉप त्यावर लेआउट लावतो, टर्मिनल त्याचे बाइट बनवतं. हे बाइट छद्म-टर्मिनलमध्ये पडतात. तिथे कर्नलमधली लाइन डिसिप्लिन त्यातले काही स्वतःच खाते, काही बदलते. वाटेत एसएसएच (दूरच्या यंत्रावर नेणारा दुवा) आणि टीमक्स (एका टर्मिनलमध्ये अनेक चालवणारा मध्यस्थ) असतील तर त्यांचाही हात लागतो. एवढ्यातून उरलेलं आपल्या रीड कॉलपर्यंत पोचतं. शिफ्ट दाबलेलं होतं हेसुद्धा आपल्याला कुणी सांगत नाही, मोठं अक्षर आलं एवढंच कळतं.

म्हणून कोडला हात लावण्याआधी दर तक्रारीला एकच प्रश्न विचारायचा : बाइट काय आले? बरोबर आले असतील तर दोष आपला. वेगळेच आले असतील तर मधल्या कुणाचा तरी. काहीच आलं नसेल तर कळ वाटेत कुणीतरी उचलली.

७ जानेवारी

बाइट दाखवणारं छोटं साधन लिहिलं. टर्मिनल कच्च्या मोडमध्ये टाकायचं, येईल तो बाइट आणि आधीच्या बाइटपासूनचा वेळ मिलिसेकंदांत छापायचा, बस्स. कच्चा मोड म्हणजे टर्मिऑस या टर्मिनलच्या सेटिंग्जमधले झेंडे, म्हणजे चालू-बंद खुणा, एकेक उतरवणं. आयकॅनन उतरवला की ओळ पूर्ण व्हायची वाट बघावी लागत नाही. एको उतरवला की टाइप केलेलं आपोआप उमटत नाही. आयसिग उतरवला की कंट्रोल-सी आणि कंट्रोल-झेड प्रोग्रॅम थांबवणारे संकेत न बनता ३ आणि २६ म्हणून हाती येतात. आयएक्सऑनबद्दल पुढे लिहीन. एक झेंडा लोक हमखास विसरतात तो आयसीआरएनएल. तो चढलेला राहिला तर एंटरचा १३ कर्नलच १० करून देतं, मग एंटर आणि कंट्रोल-जे यांत फरक दिसत नाही आणि तपासणारं साधनच खोटं बोलू लागतं.

तक्रार करणाऱ्या प्रत्येकाला आमचं साधन बांधून चालवायला लावणं बरं नाही. लिनक्सवर त्यांच्याकडे 'शोकी -ए' असतं. ते दर बाइटचा दशमान, अष्टमान आणि षोडशमान आकडा छापतं, कंट्रोल-डी दाबलं की बंद होतं. तेही नसेल तर शेलमध्ये कंट्रोल-व्ही दाबून हवी ती कळ दाबायची, तिचे बाइट जसेच्या तसे उमटतात, एस्केप ^[ असं दिसतं. खाच एकच : शेलमध्ये आणि एडिटरमध्ये त्याच बाणाचे बाइट वेगळे असू शकतात. का, ते बाणांच्या नोंदीत.

साधन मधेच पडलं तर टर्मिनल कच्च्या मोडमध्येच अडकतं. अक्षरं दिसत नाहीत, एंटरही लागत नाही. तेव्हा कंट्रोल-जे, मग न दिसता 'रिसेट' टाइप करून पुन्हा कंट्रोल-जे. ही ओळ मदतपानात टाकली.

९ जानेवारी

बॅकस्पेस. सगळ्यात जुनं भांडण.

ही कळ दोनपैकी एक बाइट पाठवते, ८ किंवा १२७. आठ म्हणजे कंट्रोल-एच, टेलिटाइपवर एक घर मागे सरकण्याची आज्ञा, खोडण्याची नव्हे. खोडण्याची आज्ञा १२७. कागदी फितीवर पडलेलं भोक बुजवता येत नाही, म्हणून चुकलेल्या अक्षराची सातही भोकं पाडून टाकायची आणि वाचणाऱ्या यंत्राने ती ओळ सोडून द्यायची, असा तो संकेत. सात भोकं म्हणजे सात एक, म्हणजे १२७. पुढे काही टर्मिनलांनी बॅकस्पेसला ८ दिला, काहींनी १२७. डीईसी या संगणक कंपनीच्या १९८३ च्या व्हीटी-२२० टर्मिनलवर खोडायची कळ १२७ पाठवायची आणि लिनक्सच्या कन्सोलने (डेस्कटॉपशिवायच्या काळ्या पडद्याने) तेच उचललं. डेबियन या लिनक्स-वितरणाच्या धोरणात तर हे लिहूनच ठेवलंय : बॅकस्पेसला १२७, डिलीटला २७ ९१ ५१ १२६.

आमच्याकडे कंट्रोल-एचवर मदत होती, ईमॅक्स एडिटरच्या सवयीतून आलेली. ज्याचं टर्मिनल बॅकस्पेसला ८ पाठवतं त्याला दर चुकीमागे मदतीचं पान मिळणार, यात नवल नाही.

पहिला विचार आला की ८ आणि १२७ दोन्ही बॅकस्पेस धरावेत आणि मोकळं व्हावं. पण बऱ्याच आधुनिक टर्मिनलांत साधं बॅकस्पेस १२७ आणि कंट्रोल-बॅकस्पेस ८ पाठवतं. तिथे लोकांना कंट्रोलने अख्खा शब्द खोडायचा असतो. तेव्हा सुरुवातीला टर्मिऑसला विचारायचं. त्यात 'व्हीइरेज' या खणात खोडायचा बाइट नोंदलेला असतो. तो १२७ असेल तर ८ मोकळा, त्यावर शब्द खोडणं. तो ८ असेल तर दोन्ही साधे बॅकस्पेस. टर्मइन्फो या टर्मिनलांच्या माहिती-कोशातही 'केबीएस' नावाने हीच माहिती असते, पण ती टर्मिनलच्या नावावरून काढलेली, म्हणजे ऐकीव. दोघांचं जमलं नाही तर व्हीइरेजचं ऐकायचं. मदत एफ-१ वर हलवली. एफ-१ काही टर्मिनलं स्वतःसाठी ठेवतात, म्हणून आज्ञापट्टीतून 'मदत' लिहूनही ती उघडते.

१० जानेवारी

एका सहकाऱ्याने विचारलं, "मग विममध्ये माझं बॅकस्पेस का अडतं? बाइट तर १२७ च येतोय." बाइट बरोबर आहे म्हणजे प्रश्न विमच्या आत आहे. जुन्या व्हीआयमध्ये, म्हणजे विमच्या पूर्वज एडिटरमध्ये, इन्सर्टमध्ये (टाइप करण्याच्या मोडमध्ये) शिरण्याआधीचा मजकूर बॅकस्पेसने खोडता यायचा नाही, ओळही जोडता यायची नाही. विममध्ये 'बॅकस्पेस' नावाचा पर्यायच आहे. त्यात इन्डेंट, ईओएल आणि स्टार्ट ही तिन्ही मूल्यं हवीत. त्याच्या जुन्या सेटिंग्ज-फायलीत पर्याय रिकामा होता. आमच्या यादीचं काम नाही, पण लक्षण हुबेहूब तेच म्हणून टिपून ठेवतो.

१३ जानेवारी

बाण, होम, एंड आणि एफ-कळा. आजचा दिवस वाचण्यातच गेला आणि तो जायलाच हवा होता.

वरचा बाण दोन रूपांत येतो. साध्या मोडमध्ये २७ ९१ ६५, 'अ‍ॅप्लिकेशन' मोडमध्ये २७ ७९ ६५. हा मोड डीईसीच्या १९७८ च्या व्हीटी-१०० पासून चालत आलाय. प्रोग्रॅम टर्मिनलला सांगतो, 'आता माझ्या रूपात पाठव', आणि जाताना परत ठेवून जातो. मधेच मेलेला प्रोग्रॅम ठेवून जात नाही. मग पुढच्या प्रोग्रॅमला अनपेक्षित रूप मिळतं. आमचा जुना कोड फक्त ९१ ओळखायचा. ७९ दिसला की एस्केप आणि मोठा ओ सुटे समजून सोडून द्यायचा आणि मागे राहिलेला ६५ म्हणजे रोमन ए मजकुरात पडायचा. 'अधूनमधून' होण्याचं कारण हेच. आधी काय चालवलं होतं त्यावर ते ठरत होतं.

यावर दोन उपाय, दोन्ही केले. सुरू होताना आणि बंद होताना टर्मिनल साध्या मोडमध्ये आणायचं. आणि तरीही दोन्ही रूपं ओळखायची, कारण टीमक्ससारखा मध्यस्थ आपलं मत ठेवतो.

होमची तर तीन-चार रूपं सापडली : २७ ९१ ७२, २७ ७९ ७२, २७ ९१ ४९ १२६ आणि आरएक्सव्हीटी टर्मिनलच्या घराण्यात २७ ९१ ५५ १२६. एफ-१ ते एफ-४ बहुतेक ठिकाणी २७ ७९ नंतर ८० ते ८३. पण लिनक्सच्या कन्सोलवर एफ-१ ते एफ-५ म्हणजे २७ ९१ ९१ आणि मग ६५ ते ६९. इतकं वेगळं रूप का निवडलं असेल कोण जाणे. एफ-५ पासून पुढे २७ ९१, दोन अंकी क्रमांक आणि १२६. क्रमांक १५, १७, १८, १९, २०, २१, २३, २४. सोळा आणि बावीस गाळलेले आहेत. ही छपाईची चूक समजून सारणी 'दुरुस्त' करण्याचा मोह होतो, करायची नाही.

आता ~ चं कोडं. जुना कोड २७ ९१ नंतर एकच बाइट वाचून निर्णय घ्यायचा. होम २७ ९१ ४९ १२६ असं आलं की पहिले तीन बाइट 'अनोळखी' म्हणून टाकायचा आणि उरलेला १२६ मजकुरात जायचा. कंट्रोल-उजवा बाण म्हणजे २७ ९१ ४९ ५९ ५३ ६७, तिथेही तीन टाकले की शेवटचे तीन उरतात : अर्धविराम, पाच, सी. तक्रारीत लिहिलेलं शेपूट हेच.

सारणीत आणखी ओळी घालून हे सुटणार नव्हतं. २७ ९१ ने सुरू होणाऱ्या क्रमांचं व्याकरण ईसीएमए-४८ या मानकात ठरलेलं आहे. मधले बाइट ३२ ते ६३ च्या पट्ट्यात आणि शेवटचा ६४ ते १२६ च्या. म्हणजे क्रम ओळखीचा नसला तरी तो कुठे संपतो हे कळतं. वाचणारा भाग अवस्था-यंत्र म्हणून नव्याने लिहिला : आधी अख्खा क्रम गोळा करायचा, मग ओळखायचा, ओळखता नाही आला तर अख्खा टाकायचा. मजकुरात कचरा पडणं आता बंद. कन्सोलच्या एफ-कळा तेवढ्या अपवाद, कारण त्यांचा दुसरा ९१ याच नियमाने शेवटचा बाइट ठरतो. त्यांना वेगळी वाट करून दिली.

जाता जाता बदलक कळांचं गणितही बसलं. कंट्रोल-बाणाच्या क्रमातला ५ म्हणजे १ अधिक कंट्रोलचे ४. शिफ्टचा १, ऑल्टचे २. शिफ्ट-कंट्रोल असेल तर ६ येतो. कंट्रोल-होम, शिफ्ट-डिलीट वगैरेंसाठी वेगळ्या ओळी लागल्याच नाहीत.

१५ जानेवारी

एस्केप. इथे खरा पेच आहे, कारण उत्तर अंदाजाचंच असणार.

२७ हा बाइट एकटा आला तर ती एस्केपची कळ. त्याच्यामागे ९१ आला तर बाणाची सुरुवात. मागे साधं अक्षर आलं तर ऑल्ट आणि ते अक्षर, कारण बहुतेक टर्मिनलं ऑल्ट-एफसाठी २७ १०२ पाठवतात. पण २७ हाती आला त्या क्षणी मागून काही येणार आहे का, हे कळायला मार्ग नाही. थांबायचं, आणि ठरावीक वेळात काही आलं नाही तर एस्केप धरायचं. किती थांबायचं एवढाच प्रश्न.

एनकर्सेस मुळात १००० मिलिसेकंद थांबतं. 'एस्क-डिले' नावाचा पर्यावरण-चल देऊन ते कमी करता येतं. विममध्ये दोन मुदती आहेत, एक आपण बांधलेल्या कळ-जोड्यांसाठी आणि एक टर्मिनलच्या क्रमांसाठी. लोक पहिली कमी करतात आणि मग त्यांच्या जोड्या लागेनाशा होतात. कमी करायची ती दुसरी, 'टीटाइमआउटलेन'. टीमक्स मध्ये असेल तर ते आपल्याआधी स्वतःच थांबतं. त्याचा 'एस्केप-टाइम' बरीच वर्षं ५०० होता, अलीकडच्या आवृत्त्यांत १० झालाय. 'एस्केप उशिरा लागतं' असं लिहिणाऱ्याला विचारलं तेव्हा तो जुन्या टीमक्समध्येच होता. आमचं साधन तिथे चालवलं तर २७ आमच्यापर्यंतच उशिरा येत होता. आमची मुदत शून्य केली असती तरी त्याला फरक जाणवला नसता.

उलट बाजूही आहे. मुदत फार कमी केली आणि एसएसएचची वाट संथ असेल, तर २७ एका पाकिटात आणि ९१ ६५ पुढच्यात असं होऊ शकतं. मग बाणाऐवजी एस्केप, [ आणि ए. आणि मुदत जास्त ठेवली तर एस्केप दाबून लगेच जे दाबणाऱ्याला ऑल्ट-जे मिळतो. विमची सवय असलेल्यांची बोटं तेवढी वेगवान असतात. आमची मुदत ५० मिलिसेकंद ठेवली आणि सेटिंग्जमध्ये उघडी केली. यापेक्षा चांगला आकडा आहे असं मला वाटत नाही, कारण प्रश्न आकड्याचा नाहीच. एका बाइटवर दोन अर्थ लादलेत.

एस्केप एवढ्या कोपऱ्यात असताना व्हीआयने ते रोजच्या वापराला का निवडलं, हा प्रश्न नेहमी येतो. बिल जॉय यांनी व्हीआय ज्या एडीएम-३ए टर्मिनलवर लिहिला, त्यावर एस्केप आजच्या टॅबच्या जागी होतं. बाण एच, जे, के, एल या कळांवर छापलेले होते. तेव्हाच्या बोटांना ते जवळच होतं.

१७ जानेवारी

कंट्रोल-एस. लाइन डिसिप्लिन १९ हा बाइट दिसला की पडद्यावर जाणारा मजकूर थांबवते आणि १७ म्हणजे कंट्रोल-क्यू आल्यावर पुन्हा सोडते. टेलिटाइपच्या काळातली प्रवाह रोखण्याची सोय, आयएक्सऑन झेंड्यावर अवलंबून. गोठलेलं दिसलं की आधी कंट्रोल-क्यू दाबून बघा, खिडकी बंद करू नका. शेलमध्ये हे कायमचं नको असेल तर 'एसटीटीवाय -आयएक्सऑन'.

पण आमचा एडिटर आयएक्सऑन उतरवतो, तरी तक्रार आलीच. पुन्हा पुन्हा विचारल्यावर कळलं, कंट्रोल-झेडने बाहेर जाऊन परत आल्यावरच गोठतं. बाहेर पडताना आम्ही झेंडे पूर्ववत करत होतो ते बरोबरच. पण परत आल्यावर कच्चा मोड पुन्हा लावला जात नव्हता, फक्त पडदा रंगवला जात होता. आता 'सिगकाँट' (पुन्हा चालू झाल्याचा संकेत) मिळाला की झेंडे, बाणांचा मोड आणि पडद्याचं माप सगळं नव्याने. बाहेरची आज्ञा चालवून परत येतानाही तेच फंक्शन.

१९ जानेवारी

एफ-१० : साधनात काहीच उमटत नाही. म्हणजे टर्मिनलने ती मेनूसाठी ठेवलीय. एफ-११ पूर्ण पडद्यासाठी, ऑल्ट-एफ फाइल मेनूसाठी, ही त्याच जातीची. टर्मिनलच्या सेटिंग्जमध्ये सोडवता येतात. आमच्याकडे करण्यासारखं काही नाही, तक्रार उत्तरासकट बंद.

२० जानेवारी

न्यूमपॅडवरचा ५ दाबला की २७ ७९ ११७ येतात, म्हणजे कीपॅडही अ‍ॅप्लिकेशन मोडमध्ये अडकलेला. त्या मोडमध्ये ० ते ९ ची रोमन पी ते वाय होतात. हे न समजणाऱ्या व्हीआयमध्ये गंमत होते : २७ ने इन्सर्ट मोड सुटतो, मोठ्या ओने वर नवी ओळ उघडते आणि तिच्यात यू टाइप होतो. पुट्टी या टर्मिनल-प्रोग्रॅमच्या सेटिंग्जमध्ये हा मोड बंद करायची वेगळी खूणच आहे. आमच्याकडे आता सुरू होतानाच साधा कीपॅड मागतो आणि अक्षररूप आलंच तर अंक धरतो.

२२ जानेवारी

'कंट्रोल-आयवर तिरपी अक्षरं बांधायची आहेत, पण टॅब लागतो.' लागणारच. आस्कीमध्ये (रोमन अक्षरांना आकडे देणाऱ्या जुन्या सारणीत) कंट्रोल म्हणजे अक्षराच्या आकड्यातले खालचे पाच बिट ठेवणं. त्यामुळे कंट्रोल-आय ९ म्हणजे टॅब, कंट्रोल-एम १३ म्हणजे एंटर, कंट्रोल आणि [ मिळून २७ म्हणजे एस्केप. कंट्रोल-शिफ्ट-एस आणि कंट्रोल-एस यांत फरकच उरत नाही. जुन्या पद्धतीत याला उपाय नाही, कारण माहिती टर्मिनलमध्येच गळून गेलेली असते.

नवी पद्धत आहे. किटी टर्मिनलने आणलेला कीबोर्ड-करार आता इतर काही टर्मिनलांनीही घेतलाय. तो सुरू केला की कंट्रोल-आय हा 'अक्षर १०५, बदलक ५' असा अख्खा क्रम म्हणून येतो, शेवटी यू. मला जास्त आवडलं ते हे, की एस्केपसुद्धा २७ ९१ ५० ५५ ११७ असं निःसंदिग्ध येतं. म्हणजे १५ तारखेचा सगळा थांबण्याचा खेळच संपतो. साधे एंटर, टॅब आणि बॅकस्पेस मात्र पहिल्या पातळीवर जुन्याच बाइटांनी येतात. एडिटर मेला तरी माणसाला 'रिसेट' टाइप करता यावं म्हणून. हे ज्याला सुचलं त्याने टर्मिनल अडकवून ठेवलेलं असणार.

टर्मिनलला करार येतो का हे विचारायला एक प्रश्न-क्रम आहे. पण ज्याला येत नाही ते गप्प बसतं आणि आपण वाट बघत राहतो. म्हणून त्याच्यामागोमाग 'तू कोणत्या जातीचं टर्मिनल?' हा जुना प्रश्न पाठवायचा. त्याचं उत्तर जवळपास सगळी टर्मिनलं देतात. दुसऱ्याचं उत्तर आधी आलं तर पहिल्याचं येणार नाही. बाहेर पडताना करार मागे घ्यायचा. ठरावीक जोड्यांत कंट्रोल-आय आणि कंट्रोल-एम ठेवायचे नाहीत. ज्याचं टर्मिनल हा करार बोलतं त्याने स्वतः बांधून घ्यावेत.

२४ जानेवारी

टर्मिनलचं नाव सांगणाऱ्या 'टर्म' या पर्यावरण-चलाबद्दल थोडक्यात. टीमक्सच्या आत त्याचं मूल्य टीमक्स किंवा स्क्रीन घराण्यातलं हवं. लोक शेलच्या फायलीत ते एक्सटर्म म्हणून ठोकून ठेवतात आणि मग निम्म्या कळा भलत्याच भाषेत बोलतात. आमच्या एडिटरला याने फारसा फरक पडत नाही, इतरांना पडतो. दूरच्या यंत्राला नव्या टर्मिनलचं नावच माहीत नसेल तर खोटं नाव देण्यापेक्षा 'इन्फोकंप -एक्स' ने इथलं वर्णन काढून तिथे 'टिक -एक्स' ला द्यावं. एका ओळीचं काम आहे.

२७ जानेवारी

छ.

साधनात छ दाबला : २२४ १६४ १५५. यूटीएफ-८ या युनिकोड लिहिण्याच्या पद्धतीतले बिनचूक तीन बाइट. म्हणजे दोष आपला. जुन्या कोडमध्ये शोधलं तर एक ओळ सापडली : बाइट १५५ असेल तर 'क्रम सुरू'. व्हीटी-२२० च्या काळात २७ ९१ या जोडीचं एकबाइटी रूप होतं, ते हेच १५५. कुणीतरी पूर्णत्वाच्या हौसेने ते आत घेतलेलं. छ चा तिसरा बाइट क्रमाची सुरुवात ठरायचा, त्यामागच्या अक्षराचा पहिला बाइट त्यात गिळला जायचा आणि दोन्हीकडच्या उरलेल्या तुकड्यांचे चौकोन दिसायचे. फॉन्टचा प्रश्न वाटायला अगदी योग्य चित्र.

तिच्याच पुढची ओळ १४३ ही धरत होती, २७ ७९ चं एकबाइटी रूप म्हणून. देवनागरीत २२४ १६४ १४३ म्हणजे ए. 'एक', 'एवढा', 'एडिटर' लिहिताना हेच होत असणार, पण तक्रार फक्त छ ची आली. बहुधा लोकांनी एडिटरच सोडला.

दोन्ही ओळी काढल्या. यूटीएफ-८ मध्ये १२८ ते १९१ हे बाइट अक्षराच्या पोटात कधीही येऊ शकतात, त्यांना एकट्याने अर्थ द्यायचा नाही. ऑल्टसाठी आठवा बिट चढवून पाठवण्याची एक जुनी रीतही याच कारणाने आता ओळखत नाही. ऑल्ट-डी तिथे २२८ होतो, आणि तो यूटीएफ-८ मध्ये तीनबाइटी अक्षराचा पहिला बाइट. ज्यांना ऑल्ट हवा त्यांनी टर्मिनलला एस्केप पुढे लावायला सांगावं.

२८ जानेवारी

कालच्या धाग्याला लागून. इनस्क्रिप्ट हा देवनागरी लेआउट चालू ठेवून आज्ञा दिल्या तर काय होतं ते तपासलं. विमच्या नॉर्मल मोडमध्ये जे दाबला की र जातो आणि विमला र ही आज्ञा माहीत नाही. तिथे 'लँगमॅप' पर्यायाने र म्हणजे जे असं सांगता येतं. त्याहून सरळ म्हणजे विमचा स्वतःचा कीमॅप लिहून वापरणं, कारण तो मजकूर टाइप करतानाच लागतो आणि आज्ञा रोमनच राहतात. आमच्याकडे बहुतेक आज्ञा कंट्रोलवर आहेत. कंट्रोल-एस देवनागरी लेआउटमध्ये १९ म्हणून येतो की नाही, ते टर्मिनलवर अवलंबून आहे. काही टर्मिनलं यादीतल्या रोमन लेआउटकडे बघून १९ पाठवतात, काही पाठवत नाहीत. किटी-करारात मूळ लेआउटची कळ मागता येते, तिथे हे सुटतं.

आणि बॅकस्पेसने काय खोडायचं? 'क्षि' म्हणजे युनिकोडचे चार संकेतबिंदू (क, हलन्त, ष आणि वेलांटी), बारा बाइट. अख्खं खोडलं तर ऱ्हस्वाची वेलांटी दीर्घ करायला पूर्ण जोडाक्षर पुन्हा लिहावं लागतं. एकेक बिंदू खोडला तर मधे पाय मोडका क दिसतो, पण ते लिहिणाऱ्याला कळतं, त्यानेच तो तसा टाइप केलेला असतो. ठरवलं : बॅकस्पेस एक संकेतबिंदू, डिलीट अख्खं अक्षर. विममध्ये मुळात चिन्हांसकट खोडलं जातं, 'डेलकंबाइन' लावलं की सुटं. ज्याला आमचा निर्णय पटणार नाही त्याच्यासाठी आमच्याकडेही एक पर्याय ठेवला.

बाहेरच्या आज्ञेला साधा मोड देताना 'आययूटीएफ-८' झेंडा चढवलेला आहे ना, हेही बघितलं. तो नसेल तर कर्नल एका बॅकस्पेसला एकच बाइट खोडतं आणि देवनागरी अक्षराचे दोन बाइट मागे उरतात.

३० जानेवारी

चिकटवलेला मजकूर पायऱ्यापायऱ्यांनी उजवीकडे सरकतो, ही तक्रार कळांची नाही, पण वाट तीच. टर्मिनल चिकटवणं टायपिंगसारखंच पाठवतं आणि आमचं आपोआप समास सोडणं दर ओळीला भर घालतं. कंसबद्ध चिकटवणं सुरू केलं : आधी २०० क्रमांकाचा आणि शेवटी २०१ क्रमांकाचा क्रम येतो, मधल्या बाइटांना कळ समजायचं नाही.

२ फेब्रुवारी

साधनाने नोंदलेले सगळे क्रम चाचण्यांत घातले. प्रत्येक क्रम तीनदा चालतो : एका दमात, एकेक बाइट करून, आणि मधेच मुदतीपेक्षा जास्त थांबून. तिसऱ्यात उत्तर 'बरोबर' असू शकत नाही. तिथे फक्त एवढंच तपासतो की वाचणारा भाग पुढच्या कळेपर्यंत शुद्धीवर येतो.

यादीत शेवटी एक तक्रार होती, "ई दोनदा उमटतो." साधनात दोन १०१ दिसले, काही थोड्या मिलिसेकंदांच्या अंतराने. कळ दाबून धरल्यावर होणारी पुनरावृत्ती इतक्या लवकर सुरू होत नाही. स्विच झिजलाय. कीबोर्ड साफ करा, नाहीतर बदला, असं उत्तर दिलं.

उघडं राहिलेलं : लिनक्सच्या कन्सोलवर शिफ्ट-बाण आणि साधा बाण यांचे बाइट सारखेच येतात, म्हणून शिफ्टने मजकूर निवडता येत नाही. नॅनो हा एडिटर यासाठी कर्नलला एका खास आयओसीटीएल कॉलने विचारतो की आत्ता शिफ्ट दाबलेलं आहे का. ते फक्त समोरच्या कन्सोलवर चालतं, एसएसएचवर नाही. आणि बाइट आल्यानंतर विचारलं जातं, तोवर बोट उचललेलं असू शकतं. पुढच्या आवृत्तीत घ्यायचं की 'लोडकीज' ने कन्सोलचा नकाशा बदलायला सांगायचं, हे ठरलेलं नाही.